झिंक कमी, कॉपर जास्त आलं... आता हार्टचं काय?

फुल बॉडी चेकअपची पॅकेजं निघाल्यापासून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. मी डॉक्टर नाही, आहार समुपदेशक आहे, पण रिपोर्ट घेऊन लोक आधी माझ्याकडेच येतात, असो.

मध्यंतरी ४७ वर्षांचे एक गृहस्थ आले, बरोबर बायको. खुर्चीत टेकायच्या आधी फाइल टेबलावर. झिंक कमी त्यावर पिवळा मार्कर, कॉपर जास्त त्यावर पिवळा मार्कर, आणि एचएस-सीआरपी, म्हणजे अंगात सूज किती आहे ते सांगणारी रक्ताची टेस्ट, तिच्या १४ ला तर लाल पेनाने दोन गोल. "मॅडम, वडील ५४ व्या वर्षी अटॅकने गेले, आता माझा नंबर ना?" नेटवर वाचून ५० मिलिग्रॅमची झिंकची गोळी स्वतःच चालू केलेली, वर सेलेनियम, आणि घरातला तांब्याचा तांब्या वहिनींनी माळ्यावर टाकलेला. सकाळी गोळी घेतली की मळमळतं म्हणे. मळमळणारच, उपाशीपोटी एवढं झिंक!

चहा आला तर बिस्किट बुडवून बुडवून डाव्या बाजूनेच चावत होते. मी विचारलं तर वहिनीच बोलल्या, अहो यांची उजवी दाढ दोन महिने ठणकतेय, गाल सुजला होता तरी पेनकिलरवर ढकलतायत. म्हटलं रक्त कधी दिलं? तर गाल सुजला त्याच आठवड्यात. घ्या!

मग त्यांना नीट सांगितलं की अंगात कुठेही इन्फेक्शन, सूज असली की लिव्हर रक्तातलं झिंक आत ओढून घेतं, आणि कॉपर वाहून नेणारं प्रोटीन जास्त सोडतं, म्हणून रिपोर्टात एक खाली दिसतं नि दुसरं वर, याचा अर्थ खाण्यात झिंक कमी पडतंय किंवा तांब्यातल्या पाण्याने कॉपर चढलं असा होत नाही. सीआरपीचंही तेच. हार्टच्या हिशोबाने १ च्या खाली चांगलं, ३ च्या वर रिस्क जास्त असं धरतात, पण आकडा १० च्या वर गेला तर आधी इन्फेक्शन शोधायचं आणि बरं झाल्यावर टेस्ट परत करायची.

"पण सेलेनियम कमी असलं की हार्ट खराब होतं असं वाचलं." खोटं नाही ते. चीनमध्ये केशान नावाच्या भागात १९३५ साली हृदयाच्या स्नायूचा आजार दिसला, तिथल्या जमिनीतच सेलेनियम फार कमी होतं. पण यांचं सेलेनियम रिपोर्टात नॉर्मल होतं हो! आणि झिंकची पुरुषाची रोजची गरज आपल्याकडे १७ मिलिग्रॅम धरतात, ५० ची गोळी महिनोन्महिने घेतली तर उलट कॉपर कमी पडून रक्त कमी होऊ शकतं. गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद करा म्हटलं, ताटात मोड आलेली मटकी, तीळ, शेंगदाणे, चालत असेल तर मटण, बास.

ज्यावर मार्करच नव्हता ते पान मी उलटलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६४. बीपी १५०/९४. आणि शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी, ती तर रिपोर्टात येत नाही ना. मला खरं सांगायचं तर रागच आला, वडिलांचं नाव घेऊन झिंकची काळजी करायची नि ह्याच्याकडे बघायचंही नाही. हार्टला सूज नडते हे खरंच आहे, पण ती सूज तंबाखूने, सडलेल्या हिरड्यांनी, पोटाच्या घेराने वाढते, ती झिंकच्या बाटलीने कशी उतरेल?

दाढेचं रूट कॅनल झालं, दीड महिन्याने टेस्ट परत केली तर सीआरपी १.८, झिंक-कॉपर दोन्ही जागेवर. एलडीएल मात्र तिथेच होतं, त्यावर आणि बीपीवर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. तांब्या माळ्यावरून खाली आलाय. पुड्या तीनवरून एकीवर आल्यात असं ते म्हणतात, वहिनी म्हणतात दोन.