मधल्या महिन्यांचा हिशेब

पोरा,

पत्र मिळालं. बॉक्सिंगच्या उपांत्य लढतीत तिसऱ्या राउंडला पाय जड झाले, समोरच्याचा पंच येताना दिसत होता पण हात वेळेवर उठत नव्हता, आणि आता ६० किलोच्या वजनगटात राहू की ६५ ला जाऊ हे सुचत नाही, असं लिहिलंस. तुझ्या हातात काय आहे ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. त्यावर शाई घालवत नाही. मला खुपलं ते शेवटचं वाक्य: ‘स्पर्धेआधीचा कॅम्प लागला की सहा किलो उतरवतोच मी.’ अरे, पण ते सहा किलो चढले कधी? दोन स्पर्धांच्या मधल्या महिन्यांत. तू हरलास तेही तिथेच, उपांत्य लढत फक्त त्याची पावती होती.

तू टायसनचं नाव घेतलंस. मी तुला अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर रिडिक बो देतो, कारण त्याच्याकडे टायसनपेक्षा जास्त सामान होतं. सहा फूट पाच इंच उंची, लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि एवढ्या उंच माणसाला सहसा न जमणारी जवळची मारामारी. छोटे अपरकट (खालून वर येणारे ठोसे), बरगडीवरचे हुक (बाजूने वळून येणारे). १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लेनॉक्स लुईसने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये थांबवलं आणि पोरगा मनाचा कच्चा आहे म्हणून बऱ्याच जणांनी त्याच्यावर फुली मारली. सत्तरी ओलांडलेले नामवंत प्रशिक्षक एडी फच त्याला घ्यायला तयार झाले, पण आधी त्यांनी काय तपासलं? जॅब नाही, हुक नाही. आपण नसताना हा पहाटे पळतो का, हे त्यांनी लपून पाहिलं. पळत होता. मग घेतला.

१३ नोव्हेंबर १९९२ ला त्याने तेव्हाच्या विश्वविजेत्या होलिफिल्डला हरवलं तेव्हा वजन होतं २३५ पाउंड, म्हणजे साधारण १०६.६ किलो. बारा राउंड तो माणूस थकला नाही. त्यातला दहावा राउंड बघ, पायांकडे लक्ष ठेवून बघ. मग सत्कार, दौरे, दोन सोप्या लढती. वर्षभराने त्याच होलिफिल्डसमोर तो २४६ पाउंडांचा होऊन उभा राहिला आणि गुणांवर हरला. हेवीवेटला वरची मर्यादा नसते, त्यामुळे काट्याने त्याला कधी अडवलंच नाही. जुलै १९९६ मध्ये पोलंडच्या गोलोटासमोर २५२ पाउंड. गोलोटाने त्याला अक्षरशः झोडपलं आणि कमरेखालच्या माऱ्यापायी स्वतःच बाद झाला.

खरी शिकवण पुढच्या लढतीत आहे. डिसेंबर १९९६, पुन्हा गोलोटा, आणि बोचं वजन किती? २३५. बरोब्बर १९९२ चा आकडा! मार मात्र आधीपेक्षा जास्त खाल्ला. गोलोटा पुन्हा बाद झाला म्हणून कागदावर विजय, पण २९ व्या वर्षी बोच्या मोठ्या लढती संपल्या. आकडा परत आणता येतो, पोरा. मधले महिने परत आणता येत नाहीत.

का, ते नीट समजून घे. सहा आठवड्यांच्या कॅम्पमध्ये सहा किलो उतरवायचे म्हणजे पहिले चार आठवडे तू बॉक्सर नसतोस, उपाशी धावणारा माणूस असतोस. अर्धपोटी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) केलंस की आधी पाय थांबतात. पाय थांबले की जॅब निम्मा होतो. मग मारलेला हात हनुवटीपाशी न येता छातीपाशी येतो, आणि हीच सवय अंगात मुरते. म्हणजे ज्या दिवसांत नवीन काही शिकायचं, त्याच दिवसांत तू चुकीचं पाठ करतोस. शेवटचे दोन किलो तर तू घामाचे काढतोस: रबरी सूट, थुंकणं, रात्रभर पाणी बंद. ते तुझं पाणी असतं, चरबी नसते. पाणी कमी झालेल्या डोक्याला लागलेला मार जास्त महागात पडतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

आणि व्यावसायिक बॉक्सरांची नक्कल तुला लागू नाही. त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं, प्यायला-खायला अख्खा दिवस मिळतो. तुझं वजन लढतीच्या सकाळी होतं, आणि पुढची लढत असेल त्या सकाळी परत होतं. चार लढती म्हणजे चार वेळा काटा. पहिल्या दिवशी सुकून गेलेला पोरगा उपांत्य फेरीपर्यंत रिकामा होतो. तुझे पाय तिसऱ्या राउंडला का जड झाले, याचं उत्तर हेच.

आता तुझं गणित. ६० मध्ये खेळायचं तर वर्षभर ६३ च्या वर जायचं नाही. पाच टक्के, बस. ६३ वरून पाच आठवड्यांत आठवड्याला सहाशे ग्रॅम उतरवले की पोटभर जेवून, पाणी पिऊन ६० ला येतोस. ६६ वरून त्याच गतीने दहा आठवडे लागतात, आणि तुला तारीख कळते सहा आठवडे आधी. म्हणून म्हणतो, मधले महिने.

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, एकाच काट्यावर वजन कर आणि वहीत लिही. एका दिवसाचा आकडा बघून घाबरू नकोस, मीठ-पाण्याने किलोभर इकडेतिकडे होतं. सात दिवसांची सरासरी काढ. ती दोन आठवडे सलग चढली तर रात्रीच्या ताटातली भाताची दुसरी वाढ बंद कर. डाळ, उसळ, अंडी कमी करायची नाहीत. लग्नसराईत पंगतीला जा, जिलबी खा, पण दुसऱ्या दिवशी काटा चुकवायचा नाही. काटा चुकवणं हेच पहिलं लक्षण असतं.

लढत नसताना आठवड्यातून चार पहाटे पाच-सहा किलोमीटर, बोलता येईल इतक्या गतीने. एक दिवस तीन-तीन मिनिटांचे सहा जोरदार तुकडे, मध्ये मिनिटभर विश्रांती. संध्याकाळी स्किपिंग तीन राउंड, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे) चार, बॅग सहा. बॅगच्या सहांपैकी दोन राउंड फक्त जॅब. हे कंटाळवाणं आहे, मान्य. बँडेज मात्र साडेचार मीटरचंच, हलक्या सरावालाही. सुट्टीच्या दिवसांत ‘सहज दोन पंच मारले’ म्हणत उघड्या हाताने बॅग मारणारे हात मोडून बसतात.

मला काट्याचं वेड आहे, असं माझ्या पाठीमागे बोलतात. बोलू देत. अँडी रुइझने १ जून २०१९ ला हेवीवेट विश्वविजेत्या जोशुआला हरवलं तेव्हा तो २६८ पाउंड होता. तोही काही सडपातळ नव्हता, तेव्हा प्रश्न पोटाचा नाही. सहा महिन्यांनी सौदीत तो २८३ चा होऊन आला, बारा राउंड जोशुआच्या मागे नुसता चालला आणि विजेतेपदाचे पट्टे देऊन गेला. सराव नीट केला नाही, हे नंतर त्यानेच कबूल केलं. तुझ्या टायसनचंही तेच. १९८८ मध्ये त्याने आपला प्रशिक्षक केव्हिन रूनीला दूर केलं आणि डोकं हलवण्याचा रोजचा सराव ढिला पडला. टोकियोत लढतीआधी स्पारिंगमध्येच सरावाचा जोडीदार ग्रेग पेजने त्याला खाली पाडलं होतं. प्रत्यक्ष लढतीत डग्लसने फेब्रुवारी १९९० मध्ये पाडलं ते जगाला दिसलं, एवढाच फरक. त्या लढतीत टायसनच्या कोपऱ्यात डोळ्याची सूज दाबायचं साधं लोखंडी साधनही नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम चालवलं. विश्वविजेत्याच्या कोपऱ्यात! मग मला वेडा कशाला म्हणता?

६५ बद्दल विचारलंस. तीन महिने मी सांगितलं तसं करूनही, पोटभर जेवून सरासरी ६४ च्या खाली येत नसेल, तर तुझं शरीर ६५ चंच आहे. आनंदाने वर जा, तिथल्या उंच पोरांसाठी जॅबचं अंतर नव्याने बसवू. पण ६६ चं खरं कारण उशिरापर्यंत झोपणं आणि रात्रीचा वडापाव असेल, तर गट बदलून काही होणार नाही. सहा महिन्यांनी तू मला ७० बद्दल विचारशील.

सोमवारपासून वही सुरू कर. चौदा आकडे झाले की पानाचा फोटो पाठव, खाडाखोड न करता. गटाचं तीन महिन्यांनी ठरवू.

तुझे,
सर