भोंगा शोधायला निघण्यापूर्वी

इंदूर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. जुने भोंगे शोधायचं तुझ्या मनात आहे, तर आधी हे घोकून ठेव: 'भोंगा' म्हणून लोक तीन निरनिराळ्या वस्तू सांगतात. वाफेची शिट्टी, विजेचा सायरन आणि लाउडस्पीकरचा कर्णा. कर्ण्याचा नाद सोड. उरलेल्या दोघांत गल्लत होते, म्हणून मालवा मिल, परदेशीपुरा भागात विचारताना "कुठे होता?" एवढ्यावर थांबू नकोस. "सुरुवातीलाच पूर्ण आवाज यायचा, की चढत जायचा?" असं विचार. वाफेची शिट्टी झडप उघडताच पूर्ण सुरात वाजते. सायरनची मोटर वेग घेते तसा सूर चढतो आणि वीज तोडल्यावरही तो बराच वेळ उतरत राहतो. हिंदीत 'भोंपू' आणि 'हूटर' हे दोन्ही शब्द वापरून बघ, नाहीतर लोक मान हलवतील. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ साली बंद पडली. तिथे काम केलेली माणसं आता पन्नाशीपलीकडचीच भेटतील, तेव्हा फार वेळ दवडू नकोस.

जागा कळली की मालकाची लेखी परवानगी घे. गच्चीवर जायला मिळालं तरी सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर पाय ठेवू नकोस. वरून धड दिसतात, पण वजन पेलत नाहीत. दुर्बीण आणि कॅमेरा पुरे. सायरनच्या फिरत्या चाकाभोवती खाचा असलेलं स्थिर कडं असतं. त्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या भागातल्या खाचा मोज आणि दुप्पट कर. खाचा गुणिले मोटरचे मिनिटाचे फेरे, भागिले ६०, म्हणजे सूर. १० खाचा आणि २८८० फेरे असतील तर ४८० हर्ट्झ. चालू सायरनचं रेकॉर्डिंग मिळालं तर उलटा हिशेब करता येतो. फक्त मोबाइलचं ॲप कधी दुपटीचा सूर दाखवतं, तेव्हा आलेखातली सर्वांत खालची ठळक रेघ धर. वरखाली दोन कडी असून खाचांची संख्या वेगळी असेल, तर तो दुहेरी सुराचा. त्याची नोंद आवर्जून कर.

नावाची पाटी सॅंडपेपरने घासलीस तर अक्षरंच जातील. ओलं फडकं फिरव, मग बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा पाड. तरीही वाचता येत नसेल तर वर कागद ठेवून पेन्सिल फिरव. अश्वशक्ती, व्होल्ट, फेज, फेरे, क्रमांक, सगळं उतरव.

सायरन हाती आलाच तर वाजवायची घाई नको. वर्षानुवर्षं उघड्यावर राहिलेल्या वाइंडिंगमध्ये ओल असते. स्टार्टर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोध मोजायच्या यंत्राने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये रोध मोज. एक मेगओहमपेक्षा कमी आला तर आधी मोटर उबेत वाळव. मग चाक हाताने फिरव. अडलं तर बहुधा ग्रीस दगड झालेलं असतं, किंवा आत गांधीलमाशांनी मातीचं घर केलेलं असतं. चाक आणि कडं यांच्यामधली फट चहूकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपास. एकीकडे घट्ट, समोर सैल म्हणजे बेअरिंग गेलं. तसंच चालवलंस तर चाक कड्याला घासून फुटेल. चाक उतरवायचं ते पुलरनेच, म्हणजे चाक ओढून काढायच्या अवजारानेच. ओतीव ॲल्युमिनियमला हातोडी लागली की तडा ठरलेला.

मोटरची चाचणी चाक उतरवूनच घे, म्हणजे भोंगा वाजत नाही. मोटर नुसती गुरगुरली आणि फिरली नाही तर लगेच वीज तोड. तीनपैकी एक फेज आलेला नाही, आणि तसंच धरून ठेवलंस तर वाइंडिंग जळेल. दिशा उलटी असेल तर कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल कर.

शहरात भोंगा वाजवायचा असेल तर आधी जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी घे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ प्रमाणे खोट्या इशाऱ्याने घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. परवानगी मिळाली तरी कानांवर मफ हवेतच, आणि यंत्राच्या तोंडासमोर कुणाला उभं राहू देऊ नकोस.