पडलेल्या घरांची यादी आहे, पण गावात घरं होती किती?

तुम्ही प्रबंधासाठी किल्लारीच्या 1993 च्या भूकंपातल्या पडझडीच्या याद्यांवरून गावनिहाय तीव्रता (हादऱ्याचा घरांवर-माणसांवर किती परिणाम झाला त्याचा आकडा) काढली, पण केंद्रापासून लांब गेलं तरी आकडा खाली येईना, पन्नास-साठ किलोमीटरवरची गावंही सात-साडेसातवर अडकलीत, आणि गाईड म्हणतात अंतराबरोबर तीव्रता किती घटते ते सांगणारं समीकरण बदला. तुमचं हे दुखणं मला पाठ आहे, मीही त्यातून गेलोय. समीकरणाला इतक्यात हात लावू नका. ती यादी कोणी आणि कशासाठी केली ते आधी बघा.

एमएसके आणि ईएमएस-98 या तीव्रतेच्या मापपट्ट्या, बांधकामाचे ए (सगळ्यात कमकुवत) ते एफ वर्ग, नुकसानीच्या पाच श्रेणी (पाचवी म्हणजे घर पूर्ण कोसळलेलं) हे सगळं तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

यादी झाली मदतवाटपासाठी. त्यामुळे ज्याचं काही पडलं तो तिच्यात आहे आणि ज्याचं काहीच पडलं नाही तो नाही. तीव्रता मात्र ठरते प्रमाणावर. मातीतल्या दगडी घरांपैकी ‘काही’ चौथ्या श्रेणीत गेली तर सात, ‘बरीच’ गेली तर आठ. अशी चाळीस घरं चारशेच्या गावात पडली तर दहा टक्के, साठच्या गावात पडली तर दोन तृतीयांश. पहिलं गाव सातचं, दुसरं आठच्याही वरचं, आणि यादीत दोन्हीकडे चाळीसच.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. मागितलं होतं एवढंच, की भूकंपाआधी गावात घरं किती होती आणि कशाची होती. उत्तर आलं, “बाधितांची यादी दिलीय ना, न पडलेल्या घरांचं तुम्हाला काय करायचंय?” लेखी अर्ज केला तर तो ‘संबंधित शाखेकडे’ गेला, आणि संबंधित शाखा कोणती हे शेवटपर्यंत कळलं नाही. हाती आला तो गोषवारा: गाव, पूर्णतः, अंशतः, एकूण. हे ‘एकूण’ बाधितांचं. त्याला गावातली एकूण घरं समजून नकाशे रंगवलेले लोक मी पाहिलेत. तसं केलं की यादीतलं प्रत्येक गाव शंभर टक्के बाधित! माझे कित्येक महिने त्या एका रकान्याने खाल्ले. असो.

दुसरी गोष्ट त्यातूनच येते आणि तुमचा अंतर-तीव्रतेचा उतार सपाट होण्याचं कारण माझ्या मते हीच आहे. लांबच्या पट्ट्यात ज्या गावांना काहीच झालं नाही ती तुमच्या तक्त्यात नाहीतच. चाळीस किलोमीटरवर दहा गावं असतील, त्यातल्या दोन गावांत घरं पडली, तर तुमच्याकडे ती दोनच आहेत. मग तीव्रता अंतराबरोबर कमी कशी होईल? किल्लारीचा भूकंप उथळ होता, जवळ जबरदस्त आणि लांब झपाट्याने मंदावणारा. धक्का मुंबई-हैदराबादपर्यंत जाणवला, पण जाणवणं वेगळं आणि भिंत पडणं वेगळं. काहीच न झालेली गावं ‘पाच किंवा कमी’ अशी घाला. तीव्रता हे पायरीचं माप आहे. आठ-नऊचं साडेआठ करून सरासरी काढण्यापेक्षा मी तरी आठ ते नऊ अशी मर्यादाच ठेवेन. (मी स्थापत्यवाला, सांख्यिकीवाला नाही. गाईडचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, सही त्यांची लागते.)

‘पूर्णतः’ म्हणजे पाचवी श्रेणी असंही धरू नका. एक जुना फोटो माझ्याकडे आहे. दोन पदरी दगडी भिंत, बाहेरचा पदर अंगणात कोसळलाय, मधली खडीमाती ओघळलीय, आतला पदर उभा, आणि लाकडी खांबांवर माळवद (मातीचं सपाट छत) जागच्या जागी. दोन पदरांना बांधणारा आरपार दगड एकही नाही, म्हणून भिंतीला पोट सुटलं आणि ती फाटली. असं घर यादीत ‘पूर्णतः’. मदतीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, त्यात कोण राहणार? मी मात्र चौथीच देईन.

मृतांच्या आकड्यावरून तीव्रता काढायचा मोह टाळा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, विसर्जन आटोपून माणसं घरात झोपलेली, डोक्यावर पांढऱ्या मातीचे थर. हाच धक्का दुपारी शेतात माणसं असताना बसला असता तर तीव्रता तीच राहिली असती आणि आकडा वेगळा.

अगदी जवळच्या गावांत उलटी अडचण आहे. माळवदाची घरं जवळपास सगळीच गेली की तो मापक तिथे संपतो, आठच्या वर नक्की किती हे तो सांगत नाही. तिथे विटांची घरं, शाळा, पाण्याची टाकी यांच्याकडे बघा. जवळ यंत्रनोंद नाही म्हणून कोयनेच्या भूकंपाचा 0.63 जी (हादऱ्याचं त्वरण, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) इकडे लावणारेही भेटतील. ती 1967 ची नोंद धरणाच्या आतल्या गॅलरीतली आहे, गावातल्या जमिनीची नाही.

छेदाचं, म्हणजे गावातल्या एकूण घरांच्या आकड्याचं, काय करायचं? 1991 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय राहती घरं आणि कुटुंबं दोन्ही मिळतात, भूकंपाच्या जेमतेम अडीच वर्षं आधीची. यादी बहुधा कुटुंबनिहाय असते. चार भावांचा एक वाडा, यादीत चार ओळी. म्हणून छेदातही कुटुंबंच घ्या. बांधकाम कशाचं ते कळायला ग्रामपंचायतीचा जुना नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मिळाला तर सोनं, पण कित्येक ठिकाणी तो ढिगाऱ्यातच गेला असणार. मिळेल तिथे मिळवा आणि बाकीच्यांना शेजारच्या गावांचं प्रमाण लावा. परीक्षक विचारतील, तेव्हा ते अंदाज आहेत असं आधीच लिहून टाका.

तालुके जुळवताना जपून. सास्तूर तेव्हा उमरग्यात होतं, आता लोहाऱ्यात आहे. आणि मोबाइलच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश उचलले असतील तर आजच तपासा. पुनर्वसनात 52 गावं हलली. नकाशा ‘किल्लारी’ म्हणून नवं गाव दाखवतोय की जुनं गावठाण, हे प्रत्येक गावाला बघावं लागतं. इतक्या उथळ भूकंपात केंद्राजवळ दोन-तीन किलोमीटरचा फरकही तुमचा वक्र बिघडवतो. भूकंपाआधीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा भूगोल विभागात असतील, जुनी गावठाणं त्यावरून घ्या.