धोत्रा, बेलाडोना विषारी असताना त्यांच्यापासून मिळणारं अ‍ॅट्रोपिन डॉक्टर औषध म्हणून कसं देतात?

कारण अ‍ॅट्रोपिन ज्या क्रियेमुळे विष ठरतं, तीच क्रिया मोजक्या मात्रेत जीव वाचवते. शरीरातल्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचा परिणाम ते अडवतं. त्यामुळे ठोके वाढतात, लाळ आणि घाम आटतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. म्हणूनच हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावली तर प्रौढांना ते शिरेतून साधारण 1 मिलिग्रॅम देतात, गरजेनुसार दर 3 ते 5 मिनिटांनी पुन्हा, पण एकूण 3 मिलिग्रॅमपर्यंतच. कीटकनाशकाच्या (ऑर्गॅनोफॉस्फेट) विषबाधेत मात्र हा हिशोब पार बदलतो: छातीतला स्राव आटेपर्यंत मात्रा दुप्पट करत नेतात, कधी कधी एरवी भीती वाटावी इतकी. डोळ्यांच्या तपासणीत त्याचे थेंब वापरतात, पण 1 टक्क्याच्या थेंबांनी पसरलेली बाहुली आठवडाभरही तशीच राहू शकते.

जास्त झालं तर तोंडाला कोरड, अंग तापणं, लघवी अडणं, भ्रम, आणि पुढे झटके किंवा बेशुद्धी. काचबिंदूचा एक प्रकार (अरुंद कोनाचा) असेल किंवा प्रोस्टेट वाढली असेल, तर आधीच सांगायला हवं. गंमत म्हणजे यावरचा एक उतारा, फायसोस्टिग्माइन, हाही एका विषारी शेंगेच्या बीपासूनच मिळाला.

हे सगळं मोजून तयार केलेल्या औषधाबद्दल आहे. धोत्र्याच्या बियांमधलं प्रमाण झाडागणिक बदलतं, त्यामुळे घरगुती उपाय म्हणून त्या अजिबात घेऊ नका.