गल्लीची ओळख काय लिहू?

प्रश्न : आमची गल्ली रामबागेत आहे. यंदा गणेश मंडळाची स्मरणिका निघतेय आणि पहिल्या पानावर ‘आमच्या गल्लीची ओळख’ लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माझ्या लहानपणी इथे अकरा घरं होती, त्यांतली नऊ मराठी. आता तीन वाडे पाडून इमारती झाल्या. सिंधी, जैन, राजस्थानी कुटुंबं राहायला आली, वर्गणीही आनंदाने देतात. काका म्हणतात, ‘मराठी गल्ली’ असं स्पष्ट लिही, नाहीतर दहा वर्षांनी कोणाला आठवणारही नाही. मुलं म्हणतात, त्याने नव्या लोकांना परकं वाटेल. मी काय करू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : काकांची भीती खरी आहे, ती मुलांनी हसण्यावारी नेऊ नये. वाडा पडला की नुसत्या भिंती जात नाहीत, ओटलाही जातो. आणि आपल्या इंदुरात अर्धी ओळखदेख ओटल्यावरच झालेली असते.

पण एक गोष्ट काकांनाही सांगा. जुनी इंदूर ही शहरातली वस्ती होळकरांच्या आधीपासून वसलेली होती. 1818 साली होळकरांची राजधानी इथे आली आणि त्या दरबाराच्या, फौजेच्या, कचेऱ्यांच्या मागोमाग आपली कितीतरी घराणी आली. तेव्हाच्या जुन्या रहिवाशांच्या लेखी नवे आपणच होतो. तेव्हा ‘मूळचे’ हा शब्द त्या पानावर नको.

माझं लहानपण मालवा मिल या कापडगिरणीच्या बाजूला गेलं. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघायच्या. आमची सगळी गल्ली संध्याकाळीच जाऊन जेल रोडच्या कडेला सतरंज्या अंथरायची. शेजारच्या सिंधी काकू दालपकवानाचा डबा आणायच्या, आई साटोऱ्या. झांकी यायला मध्यरात्र उलटायची, आम्ही पोरं झोपून जायचो. मग जे कोणी मोठं माणूस जागं असेल ते ‘उठा रे, हुकुमचंदची आली!’ म्हणत एकेकाला हलवून उठवायचं. आपलं पोर, दुसऱ्याचं पोर, असा प्रश्नच नसायचा. आमच्या गल्लीतलं कोण, तर ज्याला त्या रात्री उठवायचं तो. माझ्यासाठी आजही गल्लीची व्याख्या हीच आहे.

हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, बाकीच्याही एकेक करून गेल्या. झांक्या मात्र अजून निघतात, आणि रिक्षावाल्याला ‘मालवा मिल’ म्हटलं की तो बरोबर तिथे सोडतो. छावणीत फौज नाही, तरी ती छावणीच. सराफा बाजार तर एका दिवसात दोनदा बदलतो. दिवसा सोनं-चांदी, रात्री त्याच दुकानांसमोर खाण्याच्या गाड्या, तळलेला गराडू कंद आणि भुट्ट्याचा कीस. त्याची खरी ओळख कोणती, असं आपण कधी विचारत नाही. दोन्ही आहेत.

पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इंदूरचा अभ्यास करायला आले होते. 1918 मध्ये त्यांचा अहवाल निघाला. ते प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली, पण ठरलेल्या रस्त्याने नाही. जो मोहल्ला घरं-रस्ते सगळ्यांत चांगले झाडूनपुसून दुरुस्त करील, त्याच्यातून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. मोहल्ले कामाला लागले. कोण कुठल्या जातीचं, कुठून आलेलं, हे त्यांनी विचारलं नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून पान लिहायच्या आधी आठ दिवस वही घेऊन घरोघर जा. इमारतीचे जिनेही चढा. प्रत्येक घरात दोनच गोष्टी विचारा : पाहुण्याला घराचा पत्ता सांगताना तुम्ही कोणती खूण सांगता? आणि रात्री दोन वाजता गरज पडली तर कोणाचं दार वाजवाल? उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा, मग ती हिंदीत असोत की आपल्या ‘काय करून राहिले’वाल्या मराठीत. पानावर लिहायची वाक्यं तुम्हाला त्या वहीतच सापडतील.

नऊ मराठी घरं होती, हे जरूर लिहा. वाडे कुठे उभे होते, त्यांचा एखादा नकाशा हाताने काढून द्या, विहीर असेल तर तीही दाखवा. त्याच नकाशावर आजच्या इमारती वेगळ्या शाईने काढा. ‘मराठी गल्ली’ असं शीर्षक देऊ नका. ‘इंदुरी’ही नको, तो शब्द अख्ख्या शहराचा आहे. रामबागेतली तुमची गल्ली लोक ज्या नावाने हाक मारून दाखवतात, तेच नाव वर घाला. समोरच्या पानावर हाच मजकूर हिंदीत द्या, आणि तो इमारतीतल्या एखाद्या मुलीकडून लिहून घ्या.

कच्चा खर्डा छापायला देण्याआधी काकांना वाचून दाखवा. विहिरीची जागा तुमच्याकडून नक्की चुकलेली असेल, ती तेच सांगतील.