मोजणीतून कोण सुटलं?

अनेक आशीर्वाद.

शिकागोच्या गरीब वस्त्यांमधल्या कॅथलिक शाळांवरचा तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. विषय उत्तम आहे. पहिलं वाक्य मात्र खोडून टाक. ‘कॅथलिक शाळा सरकारी शाळांपेक्षा चांगल्या असतात का?’ यावर गेली चाळीस वर्षं भांडणं चालू आहेत. त्यात तुझी भर पडून कुणाचं भलं होणार नाही.

आणि डोक्यातली आपली कॉन्व्हेंटची कल्पना बाजूला ठेव. मुंबई-पुण्यात ज्या प्रवेशासाठी आईबाप ओळखी काढत फिरतात, तसलं चित्र तिथे नाही. आयर्लंड, पोलंड, इटलीहून आलेल्या कामगारांच्या पॅरिशनी, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या मंडळींनी, या शाळा उभ्या केल्या. ती कुटुंबं पुढे उपनगरांत गेली, वस्तीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसं आली, शाळा तिथेच राहिली. काही शाळांत आज बहुतेक मुलं कॅथलिकही नाहीत.

आता वादाकडे. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलं की घरची परिस्थिती हिशेबात धरली तरी कॅथलिक हायस्कुलांतल्या मुलांना जास्त गुण पडतात. आर्थर गोल्डबर्गर आणि ग्लेन केन या अर्थतज्ज्ञांनी त्याच वर्षी त्यांना झोडपलं. फी भरून मुलाला तिथे घालणारं घर मुळातच वेगळं, ते वेगळेपण कसं वजा केलंत? रास्त प्रश्न होता. पोटाला चिमटा काढून फी भरणारी आई प्रश्नावलीतल्या कुठल्या रकान्यात बसवणार?

यावर उपाय म्हणजे सोडत, आपल्याकडे आरटीईची निघते तशी. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली घरं मुळात सारखीच असतात, म्हणून त्यांची तुलना करता येते. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली गरीब घरांतल्या मुलांसाठी खासगी शाळांच्या शिष्यवृत्त्या सोडतीने दिल्या. वर्षाला जास्तीत जास्त १,४०० डॉलर. एवढ्यात परवडणाऱ्या शाळा बहुतांशी कॅथलिकच. त्याचा अभ्यास करणाऱ्या पॉल पीटरसन आणि मंडळींना कृष्णवर्णीय मुलांचे गुण वाढलेले दिसले, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. मग अ‍ॅलन क्रूगर आणि पेई झू यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली. हा भाग सावकाश वाच, दोनदा वाच. बालवाडीतल्या मुलांची सुरुवातीची चाचणी घेतलीच नव्हती, म्हणून मूळ हिशेबातून ती वगळली होती. शिवाय मूल कृष्णवर्णीय की नाही हे आईच्या वंशावरून ठरवलं होतं. बाप कृष्णवर्णीय असून आई तशी नसेल तर ते मूल त्या गटाबाहेर. क्रूगर-झू यांनी दोन्ही प्रकारची मुलं आत घेतली आणि वाढ इतकी आटली की ती योगायोगानेही दिसू शकली असती. पीटरसन यांनी उत्तर दिलं, वाद काही मिटला नाही. माझं मत विचारशील तर मी क्रूगरच्या बाजूने झुकतो. सोडत कितीही स्वच्छ असो, नंतर टेबलावर बसून कुणाला मोजायचं हे माणूसच ठरवतो.

तेव्हा हातात येणाऱ्या प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचार: यातून कोण सुटलं? कोलमननी वापरलेली १९८० ची पाहणी दहावीपासून सुरू होते. त्याआधीच शाळा सोडलेली पोरं तिच्यात नाहीतच. जोसेफ अल्टोंजी, टॉड एल्डर आणि ख्रिस्तोफर टेबर यांनी २००५ च्या लेखात १९८८ ची पाहणी घेतली, ती आठवीपासूनची आहे. त्यांना चाचणीच्या गुणांत फारसा फरक सापडला नाही, पण हायस्कूल पूर्ण करण्यात चांगलाच सापडला. डेरेक नील यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की हा फायदा मुख्यतः शहरातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना होतो, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी शाळाच फार वाईट आहेत. म्हणजे अर्धं श्रेय शेजारच्या शाळेच्या दुरवस्थेला! उपनगरांत हा फरक जवळपास दिसत नाही.

शाळेच्या आत काय चालतं हे समजून घ्यायला अँथनी ब्राइक, व्हॅलेरी ली आणि पीटर हॉलंड यांचं १९९३ चं काम पुरेसं आहे. हुशार-ढ अशी वेगळी वाट न पाडता सगळ्यांना जवळजवळ तेच कठीण विषय शिकवायचे, हा त्यातला कळीचा मुद्दा. बाकी ओघाने कळेल.

मग तू काय करायचंस? बंद पडलेल्या शाळा घे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत सुमारे तेरा हजार कॅथलिक शाळा आणि बावन्न लाख विद्यार्थी होते. आज शाळा सहा हजारांच्याही आत आहेत. तुटपुंज्या मानधनावर शिकवणाऱ्या नन्स कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि पहिला फटका गरीब वस्त्यांनाच बसला. मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी शिकागोतच पाहिलं की शाळा बंद झाल्यावर वस्तीतला सलोखा घटतो, बेशिस्त वाढते. त्यांनी वस्ती मोजली. तू मुलं शोध. शाळेला कुलूप लागलं त्या वर्षी सहावीत असलेलं पोर सातवीला कुठे गेलं?

जुन्या नोंदींसाठी आर्चडायोसीजकडे, म्हणजे शिकागोच्या कॅथलिक चर्चच्या मुख्य कार्यालयाकडे, रीतसर अर्ज कर. मुलांची माहिती आहे, विद्यापीठाची नैतिकता समिती महिनोन्‌महिने लावेल, म्हणून तोही अर्ज याच आठवड्यात टाक. आराखड्याची नवी पहिली दोन पानं तेवढी आधी पाठव, उरलेलं मागाहून बघू.

तुझा,
सर