वाचक विचारतात : चॅट्सवर्थचा वाडा, बाग आणि केळी

उन्हाळ्यात मुलाबाळांकडे इंग्लंडला जाणाऱ्या वाचकांची पत्रे दरवर्षी होळीच्या सुमारास येऊ लागतात. तिकडचा एखादा जुना उमरावी वाडा आणि त्याची बाग पाहावी, अशी इच्छा त्यांतील बऱ्याच जणांची असते. यंदा अशी चार पत्रे डर्बीशायरमधील चॅट्सवर्थविषयीच आली, म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच जागेला दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी शेफील्डला असते. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तिच्याकडे जाणार आहोत आणि ती एक दिवस चॅट्सवर्थला नेईन म्हणते. यजमानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाडा आणि बाग दोन्ही जमेल असे वाटत नाही. एकच पाहायचे तर काय पाहावे? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : एकच पाहायचे असेल तर बाग पाहावी, आणि तीही सकाळी पोचून, गर्दी वाढण्याच्या आत. नुसत्या बागेचे तिकीट वेगळे मिळते. शेफील्डहून बेकवेलकडे जाणाऱ्या रस्त्याने तासाभरात तेथे पोचता येते आणि मेअखेरीस ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असतात, म्हणजे आपण वेळ चांगलीच निवडली आहे.

आधी वाड्याविषयी थोडे सांगतो, कारण बाग त्याच्याकडे पाठ करून समजत नाही. ही जागा 1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची पत्नी बेस ऑफ हार्डविक यांनी विकत घेतली. त्यांच्या वंशजांना पुढे ‘ड्यूक ऑफ डेव्हनशायर’ हा किताब मिळाला. घर डर्बीशायरमध्ये आणि नावात मात्र डेव्हनशायर, या गोंधळात आपण पडू नये. आज दिसतो तो वाडा मुख्यतः पहिल्या ड्यूकने 1687 ते 1707 या वीस वर्षांत जुना पाडत पाडत बांधला. राजा तिसरा विल्यम आणि राणी मेरी मुक्कामाला येतील या अपेक्षेने त्याने वरच्या मजल्यावर एकापुढे एक अशी शाही दालने सजवली, छतांवर देवादिकांची चित्रे काढून घेतली, पण राजाराणी कधी आलेच नाहीत.

बागेत पहिल्यांदा पायऱ्यांच्या धबधब्याकडे जावे. ग्रिये नावाच्या एका फ्रेंच जलतज्ज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस तो रचला. टेकडीच्या उतारावरून दगडी पायऱ्यांचे चोवीस गट खाली येतात आणि प्रत्येक गटातील पायऱ्यांची संख्या, रुंदी आणि ठेवण वेगळी असल्यामुळे त्यावरून उतरणाऱ्या पाण्याचा आवाज जागोजागी बदलतो. यजमानांनी वरपर्यंत चढण्याची गरज नाही. कडेने हळूहळू दहावीस पावले चालून मध्ये थांबत गेले तरी हा फरक कानाला कळतो. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलेले असू शकते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

याच बागेत झाडाझुडपांच्या आडोशाला तांब्याचे एक विलो झाड आहे. खोड, फांद्या, पाने सगळे धातूचे, आणि चावी फिरवली की पानापानांतून कारंजी उडून जवळ उभ्या असलेल्या माणसाला भिजवतात. अशी फजिती करणारे पहिले झाड 1690च्या दशकात बसवले होते. आजचे पुढच्या काळात नव्याने केलेले आहे. राणी व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असताना, 1832 मध्ये, येथे आली होती आणि तिला हे झाड फार आवडले होते. बुजुर्ग मंडळींनी कॅमेरा जरा सांभाळून उभे राहावे.

वाड्यासमोरच्या लांबट तलावातील उंच कारंजे मात्र दुरूनच पाहायचे आहे. रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये इंग्लंडला येणार असे कळल्यावर सहाव्या ड्यूकने त्याच्या स्वागतासाठी ते सहा महिन्यांत उभे करवले. टेकडीवर आठ एकरांचा तलाव खोदला, तेथून नळ खाली आणला, आणि एकही पंप न लावता केवळ उंचीच्या जोरावर पाण्याचा स्तंभ 296 फुटांपर्यंत चढल्याची नोंद झाली. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला काही आला नाही. कारंज्याला ‘सम्राटाचे कारंजे’ हे नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

बागेतून बाहेर नजर टाकली की नदी, पूल, हिरवळ आणि चरणारी मेंढरे दिसतात आणि हे सारे आपोआपच असे असावे असा समज होतो. तो खरा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर चौथ्या ड्यूकने ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराकडून जुन्या आखीवरेखीव बागेचा मोठा भाग मोडून घेतला, जमिनीला चढउतार दिले, झाडांचे पुंजके लावले आणि जेम्स पेन या वास्तुविशारदाकडून नदीवर पूल बांधून घेतला. वाड्यातून एडेन्सर गावची घरे दिसतात म्हणून ती पाडण्यात आली आणि गाव पुढे टेकाडाच्या आड नव्याने वसवले गेले. निसर्गरम्य देखाव्याची ही किंमत ठाऊक असलेली बरी.

यजमानांना बाकावर बसायला सावलीची जागा मिळाली आणि तुमच्याजवळ तासभर उरला, तर वाड्यात फक्त एका गोष्टीसाठी जाऊन यावे. संगीत दालनातील एक दार अर्धवट उघडे ठेवलेले असते आणि त्याच्या आत दुसऱ्या दारावर खुंटीला व्हायोलिन टांगलेले दिसते. खुंटीची चमक, तारांची सावली, सगळे जिथल्या तिथे. प्रत्यक्षात तेथे खुंटीही नाही आणि व्हायोलिनही नाही. यान व्हान डेर व्हार्ट या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडावर रंगवलेले ते चित्र आहे. मी दोरीच्या अलीकडे उभा राहून ते बराच वेळ निरखले, आणि तरीही दोन पावले मागे सरताच ते पुन्हा व्हायोलिन झाले.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या केळी लावतो. आमची केळी ‘कॅव्हेंडिश’ जातीची आहेत असे कृषी अधिकारी सांगतात. हे नाव तुमच्या इंग्लंडातील एका ड्यूकचे आहे आणि आपली केळी त्याच्या काचघरातून आली, असे पुतण्या म्हणतो. खरे काय? (एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव)

उत्तर : पुतण्याचे पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे नाही.

नाव चॅट्सवर्थच्या सहाव्या ड्यूकचेच आहे. त्याचे कौटुंबिक आडनाव कॅव्हेंडिश, आणि त्याच्या बागेचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. हा पॅक्स्टन 1826 च्या मे महिन्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पहाटे साडेचारला चॅट्सवर्थला पोचला. फाटक उघडायला कोणी नव्हते म्हणून कुंपण चढून आत गेला, बाग पाहून घेतली, सहाला माणसे कामाला लावली, कारंजी चालवून पाहिली, मग वाड्याची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे न्याहारी केली आणि त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला. सकाळचे नऊ वाजायच्या आत एवढे उरकले, असे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. ती भाची, सारा, पुढे त्याची पत्नी झाली.

दक्षिण चीनकडील एक बुटकी केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडात आली होती आणि तिचे रोप फिरत फिरत पॅक्स्टनकडे पोचले. डर्बीशायरच्या थंडीत केळ जगवायची म्हणजे काचेखाली खानदेश उभा करायचा. त्याने कोळशाच्या भट्ट्यांनी तापवलेल्या काचघरात, भरपूर पाणी आणि सकस माती देऊन ती वाढवली. 1835 च्या नोव्हेंबरमध्ये तिने केळफूल टाकले आणि पुढच्या वर्षी शंभराहून अधिक फळांचा घड तयार झाला. हौशी मालकाच्या सन्मानार्थ त्याने तिला ‘मुसा कॅव्हेंडिशी’ असे नाव दिले. चॅट्सवर्थच्या काचघरात आजही केळी लावली जातात.

केळीला बी नसते, मुनव्यावरच, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबावरच, तिचा वंश चालतो, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. त्यामुळे हीच रोपे जहाजांनी पॅसिफिक बेटांपर्यंत गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला ‘ग्रो मिशेल’ ही तोवरची व्यापारी केळी पनामा मर रोगाने हातची गेली, तेव्हा त्या रोगाला दाद न देणारी कॅव्हेंडिश गटातील केळी जगाच्या बाजारात तिच्या जागी आली. त्याच रोगाचा एक नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही गाठतो आहे, ही आपल्या दृष्टीने जास्त काळजीची गोष्ट आहे.

आपल्याकडची बसराई, श्रीमंती आणि आता सर्वत्र दिसणारी जी-नाइन ही सारी याच गटातली. पण गट एक म्हणून घर एक असे होत नाही. ही केळी मूळची पूर्वेकडची, आणि ती ठिकठिकाणी पोचण्याच्या वाटा अनेक आहेत. चॅट्सवर्थने तिला दिले ते नाव आणि प्रसिद्धी. जळगावच्या बागा त्या काचघराच्या ऋणी आहेत असे मानण्याचे कारण नाही.

आपण कधी तेथे गेलात तर बागेतील चक्रव्यूह अवश्य पाहावा. 1962 मध्ये लावलेल्या झुडपांच्या कुंपणांचा हा चक्रव्यूह पॅक्स्टनच्या महाकाचघराच्या जागेवर आहे. ते काचघर 277 फूट लांब आणि 123 फूट रुंद होते, आतून घोडागाडी जात असे, आणि भट्ट्यांचा कोळसा धुराने शोभा जाऊ नये म्हणून भुयारातून आणला जाई. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडे थंडीने मेली आणि 1920 मध्ये सुरुंग लावून ते पाडावे लागले. दगडी पाया तेवढा उरला आहे.

प्रश्न : आमच्याकडे नॅशनल ट्रस्टचे वार्षिक सभासदत्व आहे. ते चॅट्सवर्थला चालते का? (एक वाचक, सध्या मुक्काम लेस्टर)

उत्तर : नाही. 1895 मध्ये स्थापन झालेल्या आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे शेकडो जागा आहेत, पण चॅट्सवर्थ त्यांत नाही. तेथे ड्यूकचे कुटुंब आजही राहते आणि वाडा व बाग 1981 मध्ये केलेल्या एका स्वतंत्र धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे आहेत, त्यामुळे वेगळे तिकीट काढावे लागेल. आपले सभासदत्व जवळच्या हार्डविक हॉलला आणि डर्बीजवळच्या केडल्स्टन हॉलला चालेल. हिवाळ्यात चॅट्सवर्थचा वाडा काही आठवडे बंद असतो. पायांत मळले तरी चालतील असे बूट असावेत.

प्रश्न : हे सगळे वैभव आपल्याच देशाच्या लुटीतून उभे राहिले ना? मग तिकीट काढून ते पाहायला आपण का जावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सरसकट तसे म्हणता येत नाही आणि जागा बदलली की उत्तर बदलते. चॅट्सवर्थच्या संपत्तीचा पाया इंग्लंडमध्येच घातला गेला. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा त्यांच्या मालमत्तेची मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्यांत सर विल्यम कॅव्हेंडिश होते आणि त्या उलाढालीत त्यांचे चांगलेच भले झाले. पुढे शेतजमिनी, आयर्लंडमधील मोठी जहागीर, आणि स्टॅफर्डशायरमधील एक्टनची तांब्याची खाण यांचे उत्पन्न आले. म्हणजे कुळांचे आणि खाणकामगारांचे श्रम तेथे आहेतच, पण त्यांतले बरेचसे त्याच बेटांवरचे आहेत. भारताकडून वाड्याला काय आले याचा शोध घ्यायचा तर बागेत घ्यावा: पॅक्स्टनने आपला सहायक जॉन गिब्सन याला 1835 मध्ये भारतात धाडले आणि तो खासी टेकड्यांतील ऑर्किड गोळा करून 1837 मध्ये परतला.

भारताशी थेट संबंध पाहायचा असेल तर केडल्स्टनला जावे. ते लॉर्ड कर्झनच्या घराण्याचे घर. व्हाइसरॉय असताना आणि प्रवासात त्याने जमवलेल्या पौर्वात्य वस्तू तेथील तळमजल्यावर मांडलेल्या आहेत आणि 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा जरीचा पोशाखही तेथेच आहे. ही जरीची नक्षी भारतीय कारागिरांच्या हातची आहे. तिच्यासमोर उभे राहून आपल्याला काय वाटते ते आपणच ठरवावे. कोलकात्याचे राजभवन (आताचे लोकभवन) याच केडल्स्टनच्या आराखड्यावरून बांधले गेले, पण कर्झन जन्मण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी.

का जावे, याचे माझे उत्तर इतकेच, की हे वाडे आता त्यांच्या मालकांनाही एकट्याने पेलत नाहीत. दहावा ड्यूक 1950 मध्ये वारला तेव्हा वारसाकर 80 टक्के होता. इस्टेट मुलाच्या नावे करून पाच वर्षे झाली असती तर हा कर टळला असता, पण ती पुरी व्हायला काही आठवडेच कमी पडले. तो कर फेडताना हार्डविक हॉल, हजारो एकर जमीन आणि अनेक मौल्यवान चित्रे द्यावी लागली. तुमच्या तिकिटाचे पैसे आज छपरावर आणि नळांवर खर्च होतात. आणि त्या शाही दालनांत राजा विल्यम कधी निजला नसला तरी दुसऱ्या महायुद्धात वेल्समधील पेनरोस कॉलेज ही मुलींची शाळा 1939 पासून सुमारे सहा वर्षे वाड्यात भरत होती, आणि देवादिकांच्या त्या छताखाली लोखंडी खाटा ओळीने मांडून विद्यार्थिनी निजत होत्या.